मुलं संडे स्कूलला जातात तेव्हा

या आठवड्यात वाळवणाविषयी लिहायचं ठरवलं होतं. तिघीचौघींनी कुरडया तळताना लाल का होतात असं विचारलंही आहे. पण ते पुढच्या खेपेला. दौंडहून एका भगिनीचं पत्र आलं आहे आणि ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. ओळख पटू नये म्हणून त्यातल्या दोन-तीन गोष्टी मी बदलल्या आहेत.

त्या लिहितात, त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. आवाज गोड, म्हणून चर्चच्या गायनपथकात घेतला. शिकवणारे गृहस्थ मंडळीत सगळ्यांच्या आदरातले. पेटी सुंदर वाजवतात, कुणाच्या घरी मयत झाली तर आधी हजर असतात. गेले दोन महिने सराव संपला की ते या मुलाला एकट्याला थांबवून घेतात. मोबाईलवर खेळ खेळायला देतात. मध्यंतरी नवे बूट आणून दिले आणि म्हणाले, "आईला सांगू नकोस हं, बाकीच्या मुलांना वाईट वाटेल." बूट काही लपत नाहीत, म्हणून आईला कळलं. मुलगा म्हणतो, काही झालेलं नाही. मिस्टर पंचकमिटीत आहेत, ते म्हणतात, तुझं डोकं फिरलंय, देवमाणसावर संशय घेतेस. बाईंनी शेवटी एवढंच विचारलंय, "मी चुकते आहे का?"

नाही ताई, तुम्ही चुकत नाही.

मुलांना बक्षीस कुणीही देतं. एखाद्या हुशार मुलाला जादा वेळ शिकवतात, तेही नवल नाही. पण एकट्याला थांबवायचं, वस्तू द्यायची आणि वर ती आईपासून लपवायला सांगायचं, हे तिन्ही एकत्र आलं की आईने उठलंच पाहिजे. त्यातही तिसरी गोष्ट मला सर्वांत वाईट वाटते. जो मोठा माणूस मुलाला आईपासून गुपित ठेवायला शिकवतो, त्याने आपली हद्द ओलांडली. मग तो शिक्षक असो, काका असो, नाहीतर वेदीपुढे उभा राहणारा असो.

आता काय करायचं? पहिली गोष्ट म्हणजे काही सिद्ध होण्याची वाट बघायची नाही. व्यवस्था बदलायला पुरावा लागत नाही. येत्या सरावाला तुम्ही स्वतः जा, संपायच्या पंधरा मिनिटं आधी, आणि मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसा. सरांना सर्वांदेखत गोड आवाजात सांगा, "सर, सराव झाला की याला लगेच घरी पाठवा. थांबवायचं असेल तर मी थांबते." भल्या माणसाला याचा राग येण्याचं कारण नाही. ज्याला राग येतो, कारणं सांगावी लागतात, किंवा जो तुमच्या मुलाला "तुझी आई फार कडक आहे बाई" असं म्हणून तुमच्यापासून तोडू लागतो, त्याच्यापासून मुलाला सरळ काढून घ्या. आवाज गोड आहे तर तो घरी गाईल. आणि बूट? मी असते तर परत केले असते, नवऱ्याच्या हाताने.

मुलाशी बोलायचं ते मात्र सावकाश. समोर बसवून "खरं सांग, काय झालं?" असं दरडावलं, तर मूल पहिल्यांदा आईचा चेहरा बघतं आणि आईला जे झेपेल तेवढंच सांगतं. मटार सोलताना, अंथरुणं घालताना, दोघांची नजर हातातल्या कामावर असते तेव्हा बोला. तुम्ही घाबरलात तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नका. सांगायचं एवढंच, की मोठ्या माणसाने असं गुपित ठेवायला सांगितलं तर त्यात तुझी चूक नसते, बूट घेतलेस म्हणूनही नाही, आणि काहीही सांगितलंस तरी मी रागावणार नाही. मग गप्प राहा. कदाचित त्या दिवशी काहीच बोलणार नाही. चार दिवसांनी आंघोळीला जाता जाता बोलेल. मुलं अशीच बोलतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मुलाला सांगायचं असलं तरी त्याच्याकडे शब्द नसतात. नाक, कान, गुडघा सगळं आपण शिकवतो आणि मधला भाग गाळतो. "शीची जागा", "शूची जागा" एवढ्यावर मुलं दहा वर्षांची होतात. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पाचवीतल्या मुलीलाही आपल्या अंगाचं नाव घेताना हसू येतं आणि मुलगे तर बाकाखालीच जातात. नावं सांगा हो, त्यात काही पाप नाही. आणि गुपितातला फरकही सांगा. बाबांच्या वाढदिवसाला केक आणलाय हे गंमतीचं गुपित, ते संध्याकाळी फुटणारच. जे कधीच कुणाला सांगायचं नाही असं सांगितलं जातं, ते वाईट गुपित. सहा वर्षांच्या मुलालाही हे कळतं.

आता थोडं माझ्याच लोकांविषयी बोलते. मी ख्रिस्ती घरातली. माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीतलं, आणि सासर शिरूरचं. शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं होतं. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या इथं आमची घरं आहेत. मंडळी लहान. रविवारी उपासनेला बसलेल्यांत निम्मे एकमेकांचे सोयरे. पाळक बाप्तिस्मा देणार, तेच लग्न लावणार, तेच माती देणार. मंडळीत वाकडेपणा येणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नीट कळायचं नाही. मुलीचं स्थळ नगरच्या मंडळीत बघायचं असेल, तर पाळकांचं पत्र लागतं. अशा ठिकाणी एखाद्या आईने तोंड उघडायचं, म्हणजे तिला किती हिशेब करावे लागत असतील!

म्हणून आमच्यात एक वाक्य फार चालतं. "आपल्यातलं आपल्यात मिटवू." भांड्याला भांडं लागलं, गायनपथकात मानापमान झाला, दफनभूमीच्या कुंपणाच्या वर्गणीवरून वाद झाला, तर हे वाक्य सोन्यासारखं आहे. पण मुलाच्या अंगाला कुणी हात लावला असेल, तर याच वाक्याने मुलाचा घात होतो. आपल्यात मिटवायचं म्हणजे काय होतं? पंच बसतात, तो माणूस रडतो, गुडघे टेकतो, सर्वजण प्रार्थना करतात आणि फार तर त्याची दुसऱ्या गावी रवानगी होते. त्या गावातल्या आयांना कोण सांगणार? इकडे मुलाला सांगितलं जातं, क्षमा कर. क्षमा ही मोठी गोष्ट आहे, मी लहान लेखत नाही. पण ती मागून घ्यायची नसते, आणि गुन्ह्याची खबर देणं हे क्षमेच्या आड येत नाही. शुभवर्तमानात मत्तयाच्या १८ व्या अध्यायात लहानग्यांना अडखळवणाऱ्याविषयी काय म्हटलं आहे, ते पंचांनी बैठकीआधी एकदा मोठ्याने वाचावं. त्यात मिटवामिटवी कुठेही नाही.

दुसरं कारण जरा नाजूक आहे. पण सांगते. आम्ही थोडे लोक. आमच्यावर आधीच धर्मांतराचे आरोप होतात, कुठे प्रार्थना बंद पाडल्याची बातमी येते. अशात आपलीच गोष्ट पोलिसांत गेली तर सगळ्या समाजाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं मोठी माणसं म्हणतात आणि ती मनापासून म्हणतात. ही भीती खोटी नाही. पण तिची किंमत अकरा वर्षांच्या पोराने का द्यावी?

आमच्याच तालुक्यातली एक गोष्ट अशा वेळी मला आठवते. पुण्याहून दौंडकडे येताना केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी लोकांसाठी उघडलेल्या छावण्यांभोवती तरुण पोरींवर नजर ठेवून माणसं कशी फिरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि स्पष्ट लिहून ठेवलं. तिथून आणलेल्या मुलींसाठी केडगावचं घर उभं राहिलं. १८९७ सालीच पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या सरकारी इस्पितळात तरुण मुली सुरक्षित नाहीत, आपल्या सदनातल्या एका मुलीलाही त्याची झळ लागली, असं रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात आपल्या सहीने लिहिलं. ते प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटात निघालं. मुंबईच्या गव्हर्नराने त्यांचं म्हणणं फेटाळलं. विचार करा, सरकार ख्रिस्ती गोऱ्यांचं, रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून पुणं आधीच नाराज, पदरी शेकडो मुली. गप्प राहायला त्यांच्याकडे जेवढी कारणं होती तेवढी आज आमच्या कुठल्याच पंचकमिटीकडे नाहीत. तरी त्या बोलल्या. आम्ही सहलीला मुक्तीला जातो, त्यांच्या कबरीपाशी फोटो काढतो. हा भाग मात्र संडे स्कूलला कुणी शिकवत नाही.

"आमच्याकडे असं होत नाही," असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन गोष्टी. गोव्यात मडगावला फ्रेडी पीट्स नावाचा म्हातारा 'गुरुकुल' म्हणून अनाथ मुलांचं घर चालवत असे. लोक त्याला परोपकारी समजत. १९९१ साली तो पकडला गेला, घरात मुलांचे नको ते फोटो ढिगाने सापडले, आणि १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. दुसरी गोष्ट मुंबईची, गोवंडीची, २०१५ सालची. तेरा वर्षांच्या मुलाने घरी येऊन आईला सांगितलं की धर्मगुरूने आपल्याला त्रास दिला. घरचे भाविक, म्हणून ते आधी चर्चच्या वरिष्ठांकडे गेले. पोलिसांत मात्र त्यांना स्वतःच जावं लागलं. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. मधली सहा वर्षं त्या आईने कशी काढली असतील? चर्चमध्ये लोक आपल्याशेजारी बसेनासे झाले, शेजारी जाऊन बसलं तर उठून जात, असं तिने बीबीसीला सांगितलं होतं. मैत्रिणींनो, शिक्षा कोर्टाने दिली ती एकाला. शेजारून उठून जाणाऱ्या बायका आपल्यासारख्याच होत्या.

हे केवळ आमच्यातच होतं असंही नाही. केंद्र सरकारने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींना विचारून एक अहवाल काढला. त्यात निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा असा त्रास सांगितला. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. त्रास देणारा निम्म्या वेळा ओळखीचा, विश्वासातला. आणि बहुतेक मुलांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस, एवढं शिकवून आपलं काम झालं असं नाही.

कायद्याचं थोडं सांगते, कारण दौंडच्या ताईंच्या मिस्टरांनी हे वाचलं पाहिजे. २०१२ साली पॉक्सो कायदा आला. तो मुलगे आणि मुली दोघांनाही लागू आहे, वय अठराच्या आतलं हवं. या कायद्यात शाळेच्या माणसांबरोबर धार्मिक संस्थेच्या माणसांचाही वेगळा उल्लेख आहे. संस्थेतल्या माणसाने त्याच संस्थेतल्या मुलावर अत्याचार केला तर तो अधिक गंभीर गुन्हा धरला जातो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यातल्या सर्वांत गंभीर प्रकाराला कमीत कमी २० वर्षांची शिक्षा आहे. दुसरं म्हणजे ज्याला असा गुन्हा कळला, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. पाळक असोत, पंच असोत, डॉक्टर असोत, शेजारीण असो. न कळवणं हाच गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. तेव्हा "आपल्यात मिटवू" म्हणणारे पंच त्या मुलाचं नुकसान करतातच, वर स्वतःही अडकतात. पंचांच्या बायकांनो, ऐकलंत ना? गुन्हा घडेल अशी धास्ती असली तरीही कळवता येतं, आणि सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर उलट खटला होत नाही.

पोलिसांत जायचं म्हटलं की आईच्या डोळ्यापुढे चौकीतला बाक येतो आणि भोवती जमलेली माणसं. कायद्याने तसं करायचं नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. आईबाप जवळ बसू शकतात. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. वर्तमानपत्रात नाव, फोटो, शाळा, घर, काहीही छापता येत नाही. कोर्टात आरोपीला मुलाच्या नजरेसमोर आणायचं नसतं आणि सुनावणी बंद दाराआड चालते. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. तक्रार नोंदली नसेल तरीही तपासणी होते, त्यासाठी अडवता येत नाही. हे सगळं दरवेळी असंच घडतं असं मी म्हणणार नाही. २०२४ साली बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांच्या आईबापांना तक्रारीसाठी तासन्‌तास तिष्ठावं लागलं, ते आपण सर्वांनी वाचलं. म्हणूनच आपला हक्क आपल्याला ठाऊक पाहिजे, आणि जाताना एखादी शिकलेली मैत्रीण बरोबर पाहिजे. कुठे जायचं सुचत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे, दिवसरात्र. आई फोन करू शकते, मूल स्वतःही करू शकतं. नंबर मुलांना पाढ्यासारखा पाठ करून घ्या.

आणि एक फार व्यवहारातली गोष्ट. मुलाने सांगितलं आणि घटना ताजी असेल, तर आई पहिलं काय करते? त्याला आंघोळ घालते, कपडे भिजत टाकते. हात आवरा. आंघोळ नको, कपडे धुवायचे नाहीत. ते कागदात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आणि सरकारी दवाखाना गाठा. मुलाने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत तारीख घालून वहीत लिहून ठेवा. त्या माणसाला जाब विचारायला आपणहून जाऊ नका. तो पुरावा नाहीसा करील, नाहीतर पाया पडेल. दोन्ही वाईटच.

आता ज्यांच्याकडे असं काही घडलेलं नाही, देवाची कृपा आहे, त्यांनी काय करावं? मला वाटतं, इथेच आपल्या महिला मंडळाचं खरं काम आहे. पडदे शिवणं, नाताळचा फराळ करणं, हे आपण करतोच. एकदा मुलांच्या वर्गाकडेही त्याच नजरेने बघा, जशी आपण स्वयंपाकघराकडे बघतो. कुठली खोली आडोशाची आहे? शिरूर-दौंडकडच्या जुन्या चर्चला मागे एक झगे ठेवायची नाहीतर सामानाची खोली असते, तिला आतून कडी असते. ती कडी काढून टाकायला सुताराला दहा मिनिटं लागतात. वर्गाचं दार उघडं राहील किंवा दाराला काच बसेल, एवढं तर व्हावं. एका मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही, प्रार्थनेसाठीही नाही, समजूत घालायलाही नाही. वर्गावर नेहमी दोघं, आणि ते दोघं नवराबायको किंवा भाऊभाऊ नकोत. मुलांना संडासला नेणारी बाई ठरलेली असावी. मुलाला स्कूटरवरून एकट्याने सोडायला जायचं नाही, पाऊस असला तरी. शिक्षकाने मुलाला मोबाईलवर परस्पर निरोप पाठवायचे नाहीत. काय असेल ते आईबापांच्या गटावर.

यावर हटकून कुणीतरी म्हणतं, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?" विश्वासाचा प्रश्न नाही हो. चर्चची दानपेटी दोघांनी मिळून उघडायची आणि दोघांनी सह्या करायच्या, हा नियम आपण पाळतो ना? त्याने खजिनदाराचा अपमान होत नाही, उलट उद्या कुणी बोट दाखवलं तर तोच वाचतो. पैशाला दोन माणसं आणि पोरांना एकच, हे कसलं गणित!

नव्या शिक्षकाला वर्ग देण्याआधी तो पूर्वी जिथे होता तिथल्या मंडळीत फोन करून विचारा, तिथून का निघाला. आमच्याकडे आलेल्या माणसाला गाता येतं आणि वचन पाठ आहे म्हटलं की लगेच मुलांचा वर्ग मिळतो. लोक घरी ठेवायच्या बाईचीही याहून जास्त चौकशी करतात. रांजणगावला आणि कुरकुंभला कारखाने झाल्यापासून बाहेरगावची कितीतरी कुटुंबं भाड्याच्या खोल्यांतून राहायला आली. त्यांच्यासाठी घरोघरी प्रार्थना चालतात. त्यांतल्या कितीतरी चांगल्याच आहेत. पण जिथे एकच माणूस सर्वेसर्वा, त्याच्या वर कुणी बिशप नाही, खाली पंच नाहीत, तिथे मूल पाठवताना विचारा, "भाऊ, तुमची तक्रार करायची झाली तर आम्ही कुणाकडे करायची?" उत्तर मिळालं नाही तर मुलाबरोबर तुम्हीही बसा. कॅथलिक भगिनींनी आपल्या फादरना हेच विचारावं. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मप्रांताने अशा तक्रारींसाठी सर्वांना ठाऊक असलेली सोय करावी, असा आदेश काढला आहे. ती आपल्याकडे कोणती, तिचा कागद नोटीसबोर्डावर का नाही, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण एक ध्यानात ठेवा. चर्चकडे केलेली तक्रार ही पोलिसांतल्या तक्रारीच्या जागी नसते, तिच्याबरोबर असते.

शाळांना २०२२ पासून सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं आहे, आणि बदलापूरनंतर तक्रारपेटी, कॅमेरे यांची विचारणा होते. आमच्या शाळेत ती पेटी आहे आणि सुरुवातीला तिच्यात वेफर्सचे कागद निघत. मग एकदा चौथीतल्या मुलीची चिठ्ठी निघाली, रिक्षावाले काका पुढेच बसवतात म्हणून. रिक्षा त्याच आठवड्यात बदलली. संडे स्कूलही शाळाच आहे. हजेरीपट आहे, परीक्षा आहे, बक्षीससमारंभ आहे. मग पेटी का नको?

आता सुट्ट्या लागतील आणि सुट्टीतली बायबल शाळा सुरू होईल. त्याविषयी दोघींनी विचारलं आहे. आठ-दहा दिवस पन्नास-साठ मुलं एकत्र, गाणी, चित्रं, खाऊ. मुलांना फार आवडतं. जरूर पाठवा. पहिल्या दिवशी स्वतः सोडायला जा, कोण कोण शिकवणार त्यांची नावं विचारून घ्या, आणि मुलाला न्यायला कोण येणार हे वहीत लिहून द्या, म्हणजे "आईने पाठवलंय" म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती मूल जाणार नाही. मोठ्या मुलांचं मुक्कामी शिबिर असेल तर मुलींबरोबर रात्री दोन बायका हव्यात, मुलग्यांच्या खोलीत एकटा पुरुष नको, आणि मुलाला दिवसातून एकदा घरी फोन करता आला पाहिजे. मोबाईल जमा करून घेतात ते ठीक, पण फोन नाहीच म्हणत असतील तर मी मुलीला पाठवणार नाही. परत आल्यावर "मजा आली का?" एवढंच विचारून थांबू नका. कोण आवडलं, कोण नाही आवडलं, कुणाजवळ बसायला नको वाटलं, हेही विचारा.

दौंडच्या ताई, तुमचं पत्र मी जपून ठेवलं आहे. मुलगा काही बोलला तर वेळ बघू नका, पोस्टाची वाटही बघू नका. आधी १०९८.

कुरडयांचं पुढच्या अंकात.